चपलांची पायरी

"हिला इथं पायरीवर बसू दे. चपला तरी राखील."

माईसाहेब हे माझ्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवून म्हणाल्या. यमूला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

नवरात्रातली नववी माळ होती. माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत कारकून होते आणि रावसाहेब त्याच गिरणीचे सेक्रेटरी. माईसाहेब म्हणजे रावसाहेबांची बायको. नवमीला त्यांच्या बंगल्यावर हादगा असे आणि सगळ्या कारकुनांच्या मुलींनी जायचं असे. बोलावणं म्हणत, पण तो हुकूम होता.

मुलांनो, तुम्ही हादगा पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पाटावर हत्ती काढतात. मुली हात धरून त्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. शेवटी झाकलेल्या डब्यातून खिरापत येते. डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. ओळखल्याशिवाय कुणी खायचं नाही.

यमू नऊ वर्षांची होती. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. दरवर्षी ती आईजवळ घरी राहायची. त्या वर्षी मीच हट्टानं तिला नेलं. आठ दिवस परसात मी तिला फेर शिकवला होता. तिचा तळवा माझ्या हातात. एकदा दाबलं की पाऊल, दोनदा दाबलं की गिरकी. ती एकदाही चुकली नव्हती. आईनं तिला खणाचं नवं परकर-पोलकं शिवलं होतं.

ते नवं परकर-पोलकं चपलांच्या ढिगाशेजारी बसलं.

मी काय केलं ते लिहिते. काही केलं नाही. मी चौदा वर्षांची होते, इंग्रजी चौथीत पहिली आले होते, शेक्सपिअरचे उतारे पाठ होते. तोंडातून एक मराठी शब्द निघाला नाही. मी फेरात गेले. आठ गाणी म्हटली. प्रत्येक फेरीला पायरी दिसायची आणि यमू तिथं बसून पायानं ताल धरायची. आमच्या पावलांकडे बघून. बरोबर.

मग डबा आला. त्या दिवशी तो वाजेना. लाडू म्हणून झालं, करंज्या झाल्या, डाळ झाली. माईसाहेब खूश होत्या. दरवर्षी शेवटची खिरापत अडावी अशी त्यांना हौस असे. कुणालाच ओळखता येईना, तशा त्या म्हणाल्या, "आता मुकीलाच विचारू या."

त्यांनी यमूच्या कानाशी डबा नेला आणि जोरजोरात हलवला. "ओळख ग, ओळख. ऐक नीट."

मुली हसल्या. बायका हसल्या. सगळे हसतात म्हणून यमूही हसली. आणि मीही हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी हसले, कारण न हसणारी मी एकटीच उरले असते.

यमूला वाटलं, आपल्याला खेळात घेतलं. तिनं डबा दोन्ही तळव्यांत धरला. हलवला नाही. नुसता थोडा तिरपा केला, सरळ केला. पुन्हा तिरपा. डोळे मिटले. मग डबा मांडीवर ठेवून तिनं दोन बोटं डोक्याला लावली. शिंगं. मग पोटाखाली हात नेऊन ओठांनी चोखण्याची खूण केली. आमच्या घरातली ती खूण होती. व्यायलेली गाय.

"खरवस," मी म्हणाले.

झाकण निघालं. खरवसच होता. घट्ट बसलेला, म्हणून वाजत नव्हता. आतून थरथरत मात्र होता. ते ऐकणाऱ्या कुणालाच कळलं नव्हतं.

मला वाटलं, आता हिला फेरात घेतील.

"ओळख तोंडानं सांगायची असते," माईसाहेब म्हणाल्या. "आणि हिला कळलं कसं? मघाशी स्वयंपाकघरात डोकावली असेल. असल्यांना ऐकू येत नाही, पण हाताला सवयी फार असतात."

यमू तासभर चपलांपाशी बसली होती. सगळ्यांनी बघितलं होतं. कुणी बोललं नाही. सगळ्यांना पानांवर खरवस वाढला आणि शेवटी कडेचा एक तुकडा द्रोणात घालून पायरीवर, चपलांच्या मधे ठेवला. यमूनं हात पुढे केला.

मी तो हात धरला. द्रोण उचलून माईसाहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"चपला राखायला तुमचा गडी आहे," मी म्हणाले. "माझी बहीण चोर नाही. खेळ तिनं जिंकलाय."

आम्ही निघालो. यमू रस्ताभर रडत होती. तिला वाटलं, मी तिचा खाऊ हिसकावला. तिचा तो गैरसमज मला लगेच दूर करता आला नाही. 'अपमान' या शब्दाला आमच्याकडे खूण नव्हती. त्या दिवशी मी ती केली. तळहातावर चप्पल ठेवल्यासारखी. तिला ती लगेच कळली. मग तिचं रडणं थांबलं आणि ती मागे वळून बंगल्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दसरा. वडील आम्हा दोघींना घेऊन बंगल्यावर गेले. सोनं द्यायचं आणि माफी मागायची, असं ठरलं होतं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "माझी नोकरी तुझ्या मुठीत आहे, बाळ." माईसाहेबांनी हात पुढे केला. माझ्या मुठीत आपट्याची पानं होती. मी मूठ उघडली नाही. शेजारी यमूनंही उघडली नाही. पानं घरी आणली तेव्हा त्यांचा चुरा झाला होता.

वडिलांना गोदामात धाडलं. तिथं रुईच्या धुळीनं त्यांचा खोकला वाढला. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्याचंही ओझं मी त्याच बंगल्याच्या नावावर ठेवलं आहे.

पुढच्या नवरात्रात मी आमच्या आळीत हादगा मांडला. शेजारच्या नरसम्माच्या घरी माग होता. तिनं आपलं अंगण दिलं. "मागाच्या खटखटीत आमी पण बहिरेच की," ती म्हणाली. "आमाला खुणाच येतात." नियम एकच होता. इथं तोंड उघडायचं नाही. गाणी हातांनी, ताल पायांनी, आणि डबा वाजवायचा नाही, तळव्यांवर धरायचा. फेराच्या तोंडाशी यमू. तिनं पाय आपटला की सगळ्यांनी वळायचं. पहिल्या दिवशी पाच मुली आल्या. पाचव्या माळेला अंगण पुरेना. मिटल्या तोंडानं हसू दाबत फिरण्यात काय गंमत असते, ते एकदा करून बघा.

नवमीला बंगल्याचा हत्ती एकटा बसला. माईसाहेबांची मुलगी मोलकरणीला घेऊन आमच्याकडे आली. यमूनं तिला विचारलंही नाही, हात धरून फेरात ओढलं. थोड्या वेळानं माईसाहेब स्वतः तिला न्यायला आल्या. दारात उभ्या राहिल्या. काहीतरी बोलू लागल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. मग त्यांना बसायची जागा दाखवली.

पायरी. चपलांशेजारी.

त्यांचं तोंड लाल झालं. त्यांनी लेकीला हाक मारली. लेकीनं बघितलं आणि फेर सोडला नाही. माईसाहेब एकट्या परत गेल्या. मला आनंद झाला. चांगल्या मुलीला न शोभणारा, पोटभर आनंद. तो अजून शिळा झालेला नाही. त्या वारल्या तेव्हा मी भेटायला गेले नाही, आणि का आली नाहीस असं विचारणाऱ्यांना कारण सांगितलं.

तुमच्या पत्रात आहे की सुट्टीतल्या शिबिरात एक बहिरा मुलगा होता, खेळात त्याला बाकावर बसवलं होतं, पण तो मजेत हसत होता.

यमूही हसत होती. तुम्ही कुणी हसलात का, ते पत्रात नाही. मला ते कळवा.

आणि पुढच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन दया दाखवू नका. त्याला उठवा. खेळाचा नियम त्याला विचारून ठरवा. ज्यानं त्याला तिथं बसवलं त्याला त्याच बाकावर बसवा, आणि खेळ संपेपर्यंत उठू देऊ नका.