उंबऱ्याबाहेरची लोटी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून मला चोरून खाल्लेला पेढासुद्धा लपवता येत नाही, यावरून काय ते समजा.

मी अमरावतीचा निवृत्त मास्तर. मूळ गाव तिवशाजवळ. रिकामपणी मी आमच्या घराण्याची वंशावळ छापली. जाड पुठ्ठा, पहिल्या पानावर माझा फोटो. खापरपणजोबांच्या भावापुढे मी लिहिलं, 'बालपणी पटकीने वारले.' खरं तर तो तरुणपणी घरातून निघून गेला होता. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण एक फांदी अशी अर्धवट लोंबकळत ठेवायची? मला बघवेना. मारून टाकला.

पुढे मॉरिशसहून मालिनीबाई नावाच्या बाईंची मेल आली. बोटीच्या प्रवाशांच्या यादीत त्यांना त्यांचा पूर्वज सापडला होता — उसाच्या मळ्यावर करारानं गेलेला मजूर. गाव आमचं, त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, सगळं माझ्या वंशावळीतलं. हा तोच, हे मला त्याच दिवशी कळलं. तरी मी उत्तरं काय दिली? एका नावाची माणसं पुष्कळ असतात, तेव्हाचे कारकून काहीही लिहीत. पाटलाचं घराणं म्हणून मिरवलेलं ना मी — त्यातला माणूस ऊस तोडायला कसा जाईल? बाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. मेलवर मेल. आणि दर वेळी इतक्या नम्र, की माझं डोकं आणखीच फिरायचं.

शेवटी त्यांनी एकच विचारलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या घरी पितरांच्या घागरी भरतात, आणि एक लोटी उंबऱ्याबाहेर — इकडे गावी मागे राहिलेल्या, त्या पूर्वजाच्या भावासाठी. तो वारल्याचं कधी कळलंच नाही, म्हणून त्याला पितरांत बसवत नाहीत. आई अंथरुणाला खिळली आहे, तिला डोळे मिटण्याआधी एवढंच हवं आहे. तिकडे कोणी अशी लोटी ठेवतं का?

ठेवतं का? माझी आई ठेवायची. आता बायको ठेवते. उंबऱ्याबाहेर, निघून गेलेल्या भावाची.

मी लिहिलं — आमच्याकडे अशी पद्धत नाही.

अकोल्याच्या बहिणीला या मेलींचं ठाऊक होतं; ती फोनवर म्हणाली, "दादा, त्या बाईले लोटीचं इचारून पाय ना." मी म्हणालो, विचारलं, त्यांच्यात नाही. म्हणजे दोन्हीकडे खोटं. कशासाठी? एक पुस्तक चुकलं असं चारचौघांत म्हणावं लागू नये, एवढ्यासाठी. माझा मलाच वीट येतो.

मग मालिनीबाईंची शेवटची मेल आली. आई गेली. माझं उत्तर त्यांनी तिला वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, म्हणजे तिकडे कोणी उरलं नाही. आता भावाची लोटी बाहेर नको, त्याची घागर आत भरा. माझे त्यांनी आभार मानले होते.

यंदाच्या आखाजीला बायकोचे हात पुरणात होते. बाहेरची लोटी तेवढी भरा, म्हणाली. मी भरली, उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. मग हात धुऊन पाटावर बसलो आणि दोन वाट्या आमरस खाल्ला.