नावावरचा रफार

तळवड्याच्या आयटी पार्कात साधना काय करायची, तर अक्षरं फोनच्या पडद्यावरच्या चौकटीत बसवायची. चौकटी आखल्या जायच्या इंग्रजीच्या मापानं, आणि मग त्यात मराठी, कानडी, तमिळ कोंबायची साधनानं. आपल्या अक्षरांना डोक्यावर वेलांट्या, मात्रा, पायाशी उकार; त्यांना जागा कोण देणार? यावरून ती वरिष्ठांशी कडाकडा भांडायची.

चाकणच्या एका कंपनीचं कामगारांसाठीचं ॲप तिच्याकडे आलं, तेव्हा ती हरखलीच. तिचे वडील अर्जुनराव त्याच कंपनीत कंत्राटावर होते. लातूरकडून आल्यापासून दरवर्षी त्यांचा करार वाढायचा, आणि तो वाढेपर्यंत घरात कुणाला घास गोड लागायचा नाही. आता कराराचा निरोप ॲपवर येणार होता. तपासताना वडिलांच्या फोनवर तिला दिसलं, 'अजुनराव'. रफार चौकटीच्या वरच्या कडेला कापला गेला होता. साधनाला ते फार लागलं. तिनं ओळींमधलं अंतर वाढवलं आणि रफार जागेवर आला. तीन ओळींच्या जागी आता दोनच मावत होत्या, पण चौकटीवर बोट ठेवलं की पुढचं उघडणार होतं. अर्जुनराव आपलं नाव कंपनीभर दाखवत फिरले. "माज्या लेकीनं केलंय," म्हणायचे.

करार संपायच्या दिवशी संध्याकाळी निरोप आला. 'अर्जुनराव, आपला करार पुढील वर्षासाठी वाढवण्यात आलेला…' एवढं वाचून त्यांनी फोन देवापुढे ठेवला. पुढचं 'आहे' त्यांनी मनानंच वाचलं. कुणीही वाचलं असतं. साधना कामावरून येईपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले होते. तिनंही एक तोंडात टाकला. फोन बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर त्यांचं कार्ड चाललं नाही. जेवणाचा डबा तसाच घेऊन ते घरी आले. संध्याकाळी साधनानं त्या चौकटीवर बोट ठेवलं. तिसऱ्या ओळीत एकच शब्द होता, 'नाही'. इंग्रजीत तो आधीच येऊन जातो. मराठीत तो सगळ्यात शेवटी येतो, आणि मराठीसाठी भांडणाऱ्या साधनाला नेमकं तेच सुचलं नव्हतं. तिचा जीव तीळतीळ तुटला.

"आबा, हे माझ्यामुळं झालं," म्हणत तिनं कसंबसं सगळं सांगितलं.

अर्जुनरावांनी फोन तिच्या हातातून घेतला. "नोकरी काय तू काढलीस व्हय, बाई?" ते म्हणाले. "नाव तरी नीट आलंय बग माजं."

तेवढ्यात शेजारच्या सरूबाई पेढ्यांची ताटली परत द्यायला आल्या. ताटली रिकामी कशी द्यायची, म्हणून त्यांनी तिच्यात शिरा घातला होता.

"वाढला नव्हं करार?" त्यांनी हसून विचारलं. "लई बरं झालं."

अर्जुनरावांनी ताटली दोन्ही हातांनी घेतली. "व्हय," ते म्हणाले. शेवटचा शब्द त्यांच्याही तोंडून निघाला नाही.