ब्रेकमास्तर ट्रॅकवर

माझ्या मामाने अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं, पण त्याला स्वतःला गाडी चालवताना फारसं कुणी पाहिलेलं नाही. कारण साधं आहे. सकाळी पहिला शिकाऊ येतो तो दारातून गाडी बाहेर काढतो. मग दिवसभर एकामागून एक शिकाऊ स्टिअरिंगवर बसत राहतात आणि संध्याकाळी जो शेवटचा असेल तो गाडी दारात आणून लावतो, बहुधा गेटला घासून. मामा सगळा वेळ शेजारच्या सीटवर असतो. तिथे त्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे. त्यावरूनच लोक त्याला ब्रेकमास्तर म्हणतात.

तो पाय घरी आल्यावरही कामावरच असतो. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की सोफ्यावर बसलेल्या मामाचा उजवा पाय फरशी दाबतो. मामी तिच्या ऑफिसातल्या साहेबाबद्दल बोलता बोलता शिव्यांच्या वळणाला लागली तरी दाबतो. मामी म्हणते, "दाबा, दाबा. मी नाही थांबणार."

मामी गाडी शिकली ती पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. आधी मामानेच शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी चौथ्यांदा ब्रेक लागल्यावर तिने गाडी कडेला घेतली, किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली आणि चालत घरी आली. तेव्हापासून कुटुंबाची गाडी मामी चालवते आणि मामा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतो.

या वर्षी ताईला, म्हणजे मामाच्या मुलीला, लांब डोंगरातल्या एका गावी नोकरी लागली. तिचं नवं घर बघायला जायचं ठरलं आणि जेवताना मामा सहज म्हणाला, "या वेळी गाडी मी चालवतो."

मामीने घास तसाच हातात धरला. "तुम्ही?"

"का? मला येत नाही?"

"तुम्हाला थांबवता येते. चालवता येते की नाही, ते आजवर कुणी बघितलंय?"

मी हसलो. हसायला नको होतं, कारण मामाने जेवण अर्धं टाकलं. रात्रभर त्याला ते लागून राहिलं असणार. सकाळी त्याने मला फोन केला. मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, म्हणून गाडीशी संबंधित कुठलीही गोष्ट मला ठाऊक असते अशी त्याची समजूत आहे. "तुम्ही पोरं कुठेतरी जाता ना रे, स्वतःच्या गाड्या घेऊन गरगर फिरायला?"

तो ट्रॅक डेबद्दल बोलत होता. शर्यतीचा ट्रॅक एका दिवसापुरता हौशी लोकांना खुला करतात. आपली रोजची गाडी आणायची आणि रस्त्यावर जी हिंमत होत नाही ती तिथे करायची. शर्यत नसते, बक्षीस नसतं. नवख्याच्या शेजारी आधी एक कोच बसतो. त्याची खात्री पटली तर तो मनगटाला हिरवा पट्टा बांधतो आणि मग एकट्याने गाडी पळवता येते. नाही पटली तर उरलेला दिवस कठड्याशी उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या.

"हिरवा पट्टा आणला तर गाडी माझी," मामा मामीला म्हणाला.

"आणि नाही आणला तर जन्मभर हा विषय बंद," मामी म्हणाली, आणि साक्षीदार म्हणून स्वतःही निघाली.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा तिथे खालून जमिनीला टेकतील अशा चपट्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या रांगेत मामाची पांढरी छोटी गाडी, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी आणि मागे लाल 'एल' घेऊन, लग्नाच्या वरातीत चुकून शिरलेल्या पोस्टमनसारखी दिसत होती. पाटी उतरवावी लागली. 'एल'वर मामाने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली. ते करताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. गाडीतलं सुटं सामान काढायचा नियम होता. छत्री, उशी, सराव करून घ्यायचे प्लॅस्टिकचे शंकू, उलटीच्या पिशव्या, कुणा शिकाऊचा राहिलेला एक बूट. तपासनीसाने खाली वाकून बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"हे पेडल कसलं?"

"शेजारच्याचा ब्रेक."

तपासनीसाने आणखी दोघांना बोलावलं. नियमपुस्तकात जादा ब्रेकबद्दल काही नव्हतं; ब्रेक कमी असण्याबद्दल मात्र बरंच होतं. शेवटी कोच आला. तरुण, उंच, हेल्मेट काखेत मारलेला. पेडल बघून तो खुलला. "काका, हे तर सगळ्या गाड्यांना असायला पाहिजे!"

मामालाही बरं वाटलं. आपल्या धंद्याची कदर करणारा माणूस भेटला असं त्याला वाटलं असावं.

मी आणि मामी कठड्याशी उभे राहिलो. मामाची गाडी निघाली. निघताना त्याने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि इंडिकेटर दिला. पहिल्या वळणाला इंडिकेटर दिला. दुसऱ्यालाही दिला. मागून येणाऱ्या गाड्यांना हात बाहेर काढून 'जा पुढे' म्हणून खूण केली.

"कुणाला दाखवतायत?" मामीने विचारलं.

"सवय," मी म्हणालो.

पण तिसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर गाडीचा आवाज बदलला. मामा चक्क अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता. मामी कठड्याला धरून पुढे वाकली. वळण आलं, गाडीचं नाक एकदम खाली गेलं, गाडी हिसका खाऊन मंदावली, आणि ती फेरी संपताच मामा सरळ बाहेर येऊन उभा राहिला. हेल्मेट काढलं. कपाळ लाल झालं होतं.

"तुम्ही ब्रेक दाबलात," तो कोचला म्हणाला.

"हो काका. जरा उशीर होत होता."

"मी दाबणारच होतो!"

हे वाक्य मामा इतकी वर्षं रोज ऐकत आला होता. त्याचं उत्तरही त्याने घडवून ठेवलं होतं. ते निम्म्या शहराला पाठ आहे. दाबणार होतास आणि दाबलास, या दोन्हींच्या मधे एक अख्खा ट्रक मावतो. मला वाटलं त्यालाही ते आठवलं, कारण तो एकदम टायर तपासायला वाकला. मामी दुसरीकडे बघू लागली. तिचे खांदे हलत होते.

"पाना आण," मामा मला म्हणाला.

"कशाला?"

"ते पेडल सोड. माझ्या गाडीत माझ्यावर ब्रेक लावणारा अजून जन्माला यायचाय."

दोन नट सोडले की शेजारचं पेडल नुसतं शोभेचं होतं. मी ते केलं. बसताना कोचने सीटबेल्ट दोनदा ओढून बघितला. दुसऱ्या खेपेला काय झालं ते मला मामाने नंतर सांगितलं. सुटं पेडल पायाखाली असल्याने प्रत्येक वळणाआधी कोचचा पाय आपोआप पडायचा, आणि ते रिकामं पेडल तळाला आपटून 'खट' वाजायचं. मामाचं सगळं आयुष्य, पेडल दाबलं की गाडी थांबते, यावर उभं. खट वाजलं आणि गाडी थांबली नाही की तो स्वतःच ब्रेक मारायचा. थोडक्यात, पेडल सोडवूनही ब्रेक कोचच लावत होता. मधे फक्त मामाचा पाय वापरला जात होता.

कोच उतरला तेव्हा घामाने भिजला होता. त्याने खिशातून हिरवा पट्टा काढला आणि मामाच्या मनगटाला बांधला.

"म्हणजे जमलं मला?" मामाने विचारलं.

"काका, तुम्ही एकटेच जा," कोच म्हणाला. "माझ्याने शेजारी बसवत नाही."

मामी मोठ्याने हसली. "हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"पट्टा हिरवा आहे की नाही?" मामाने मनगट तिच्या नाकासमोर धरलं.

"आहे बाई, आहे. हिरवागार आहे."

शेवटच्या खेपेला तो एकटा गेला. आम्हाला वाटलं, एखादी फेरी मारून येईल. तो आलाच नाही. सगळ्या चपट्या गाड्या त्याला ओलांडून जात राहिल्या. एका वळणावर त्याचा नेम चुकला, गाडी कडेच्या गवतात गेली, थांबली, इंडिकेटर देऊन परत आली. पुढच्या फेरीला त्याच वळणावर त्याने आधीच ब्रेक लावला, मग सोडला, आणि गाडी वळणातून अशी काही गेली, जसा चाकू लोण्यातून. कुणी काही सांगितलं नव्हतं. शेजारी कुणी नव्हतंच. मामीचं हसू थांबलं होतं. "येतंय की हो त्यांना," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. हे तिने मामाला मात्र आजतागायत सांगितलेलं नाही.

ताईकडे जायच्या दिवशी मनगटावर पट्टा घालूनच मामा स्टिअरिंगवर बसला. तोवर पट्टा मळून करडा झाला होता. मी मागे होतो. मामी शेजारी बसली, दोन्ही पाय आखडून, आणि टोमणा मारायला संधी शोधत राहिली. पण मामा बरा चालवत होता. घाट सुरू झाला, दोन-चार वळणं त्याने झकास काढली, आणि एका चहाच्या टपरीजवळ गाडी कडेला घेऊन किल्ली मामीपुढे धरली.

"चल, आता तू."

"का? दमलात?"

"नाही."

"घाबरलात?"

"नाही गं. मला बघायचंय."

"काय बघायचंय? मी कशी चालवते ते?" मामीचा आवाज चढला. "ते चालायचं नाही, आधीच सांगते."

"बाहेर," मामा म्हणाला. "खिडकीशेजारी बसून सगळी हयात गेली आणि मी एकदाही बाहेर बघितलेलं नाही."

मामीने किल्ली घेतली. पहिल्या वळणाला मी त्याच्या पायाकडे बघत होतो. पाय उचलला, मधेच थांबला, परत खाली ठेवला गेला. मग मामाने काच खाली केली आणि डोकं जरा बाहेर काढलं.

"अगं!" तो ओरडला. "इथे नदी आहे!"

"ती मघापासून आहे," मामी म्हणाली, आणि तिने गिअर बदलला.