उस्तादांचं डावं पाऊल

आदरणीय देवरावजींची आणि माझी पहिली भेट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आर्वीकडच्या जंगलात झाली. लष्कराच्या लिलावातून आलेल्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या जड ट्रकवर ते उस्ताद ड्रायव्हर होते. मी नवा ड्रायव्हर, जरा जास्तच तोरा असलेला गडी. आज त्यांच्या साठीनिमित्त वर्ध्याच्या ड्रायव्हर मंडळींनी या स्मरणिकेसाठी मला लिहायला सांगितलं. प्रसंग आनंदाचा आहे, पण मला सुचतंय ते दुःखाचं.

अवघड उतार आला की देवरावजी ट्रक वरच थांबवीत, सगळा उतार पायी पाहून येत, मगच लो गिअरची दांडी टाकीत. "दांडी टाकाची थे गाडी उभी असतानी," ते सांगत, "मंग क्लचले पाय लावाचा नाई. इंजिनच गाडी धरून ठेवते." मला ताप आला तेव्हा आठ दिवस माझ्या फेऱ्याही त्यांनीच केल्या आणि मालकांना कळू दिलं नाही.

एका दुपारी सागवानाने भरलेला ट्रक मी नाल्याकडे उतरवत होतो. देवरावजी लाकडी पाचर घेऊन बाजूने चालत होते. ती त्यांची रीतच होती. उतार संपलाच असं समजून मी क्लच दाबला आणि लो गिअर काढायला चालत्या गाडीत दांडी ओढली. ती मधेच अडकली, कुठलाच गिअर लागेना. ट्रक मोकळा सुटला, ब्रेक पुरेना. खाली नाल्यात मजूर बाया पाणी भरत होत्या. देवरावजींनी धावत चाकाखाली पाचर सरकवली. ट्रक थांबला, तो त्यांच्या डाव्या पावलावर.

त्यांना पुन्हा ट्रक चालवता आला नाही. दवाखान्यात मालकांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दांडी काढ म्हून म्याच सांगतलं त्याले." मालक गेल्यावर मी विचारलं, "उस्ताद, काऊन असं बोलले?"

"तुह्यं लगन ठरून राह्यलं ना," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते पिपरीला, मालकांच्या ट्रक उभे राहतात त्या आवारात खुर्चीवर बसून नव्या ड्रायव्हरांना शिकवतात. पाऊल दाखवून म्हणतात, "चालत्या गाडीत दांडी हलवली का असं होते." ऐकणारे ती त्यांचीच चूक समजतात. या स्मरणिकेतही दोघांनी प्रेमाने 'उस्तादांची एकमेव चूक' असं लिहिलं आहे. ती चूक माझी होती. इतकी वर्षं मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

देवरावजींना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि यापुढे ते पाऊल दाखवताना त्यांनी माझं नाव घ्यावं.