हाली माहेर, कलदार सासर

माझं माहेर जालन्याच्या अलीकडे, निजामाच्या हद्दीत. सासर देऊळगाव राजाजवळ, इंग्रजांच्या वऱ्हाडात. सकाळी बैलगाडी जुंपली तर ऊन कलायच्या आत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोचता यायचं. दोन्हीकडे जमीन तीच, ज्वारी तीच, ज्वारीत उगवणारं तणही तेच. रुपया मात्र वेगळा. आमच्याकडे हाली चालायचा, त्याच्यावर चारमिनार. सासरी कलदार, त्याच्यावर बादशहाचं तोंड. सहा कलदार हवे असले तर सात हाली मोजावे लागत; सराफाच्या मर्जीनं कधी थोडे वर, कधी थोडे खाली. लग्नाआधी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात पैशाचा व्यवहार वडिलांकडे होता आणि पैसे हातात असताना ते कोणाशी बोलत नसत.

सासरी वांग्या-मिरच्यांचा मळा होता. माल बाजारात नेणं आणि आलेला पैसा कनवटीला लावणं, दोन्ही कामं सासूबाईंची. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. माझे मालक आईसमोर फारसं बोलत नसत. बैलांशी बोलत.

पहिल्या भाऊबीजेला माझा भाऊ आला. मी ओवाळलं, त्यानं ताटात पाच रुपये टाकले. आमच्या घराला ते जड गेले असणार, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. सासूबाईंनी त्यातला एक उचलला, उंबऱ्याच्या दगडावर वाजवून पाहिला आणि परत ताटात ठेवला.

"नाणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण आमच्या इकडं हा पुरा रुपया होत नाही."

"तिकडं पुरा होतो, मावशी."

"तिकडं होत असंन."

जेवताना भावानं सहज सांगितलं की आमची म्हैस आता सात शेर दूध देते. सासूबाईंनी त्याच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाल्या, "म्हंजे सहा."

हे त्यांनी गमतीनं म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या माहेरच्या प्रत्येक गोष्टीतून त्या सातवा हिस्सा वटाव म्हणून कापू लागल्या. वडिलांची जमीन, आईच्या हातचे पापड, लग्नात दिलेल्या भांड्यांचं वजन, काही सुटलं नाही. मालक एकदा हसले, मग माझ्याकडे पाहिलं आणि गोठ्यात गेले. मी उलटून बोलले नाही. राग यायचा तो पाट्यावर काढायची. त्या काळात आमच्या घरची चटणी फार बारीक वाटली जायची आणि सासूबाई बाजारात बायकांजवळ तिचं कौतुक करायच्या.

पुढे सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. तागडीत वांगी जास्त जाऊ लागली तेव्हा त्यांनी ते कबूल केलं. बुलढाण्याला सरकारी दवाखाना होता, पण तिथं उतरायला आमचं कोणी नव्हतं. जालन्याला डोळ्याचा डॉक्टर होता आणि वाटेत माझं माहेर. सासूबाईंनी बराच विचार केला. शेवटी मालकांना म्हणाल्या, "जुंप गाडी."

जालन्यात आधी सराफाकडे जावं लागलं, कारण तिथं कलदार द्यायचे तर दुकानदार आपल्या मनाचा भाव लावी. सासूबाईंनी रुपये पुढे केले. सराफानं त्याबदली हाली दिले. त्यांनी ते एकदा मोजले, बाहेर येऊन पुन्हा मोजले आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"जास्त देल्ले त्यानं. चूप ऱ्हाय."

"आत्याबाई, त्यानं बरोबर दिलेत. सहाचे सात होतात."

त्यांनी रुपये तिसऱ्यांदा मोजले. हा भाव त्यांना माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून पाठ होता. पण सातचे सहा होतात एवढाच. उलट बाजूनं तो त्यांच्या हातावर कधी पडला नव्हता.

डोळ्याची चीरफाड नीट झाली. डॉक्टरनं सांगितलं, मान हलवायची नाही, वाकायचं नाही. मग माझ्या माहेरी त्यांची खाट टाकली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. आई त्यांना घास भरवायची, वेणी घालायची, धरून परसात न्यायची. दिसत नसल्यामुळे सासूबाईंना बोलण्यावाचून दुसरं काम नव्हतं. दोघी सकाळपासून बोलत. मी जवळ गेले की गप्प होत.

पट्टी सुटल्यावर निघताना त्यांनी आईच्या हातात पैसे ठेवले. आईनं ते परत त्यांच्या ओच्यात टाकले.

"काऊन? हे हालीच आहेत, इहीनबाई. तुमच्या इकडचेच."

"पाहुण्याकडून कुठलेच घेत नसतात," आई म्हणाली. "गाडीत नीट टेकून बसा."

त्या वाचलेल्या पैशांचं त्यांनी, गाडी मुद्दाम मागं जालन्याला वळवून, लुगडं घेतलं. हद्दीवरच्या नाक्यावर कारकुनानं नव्या कापडावर जकात घेतली. पुढे गाडी हाकता हाकता मालकांनी हिशेब केला आणि हळूच सांगितलं की हेच लुगडं आपल्या बाजारात स्वस्त पडलं असतं. जालन्यातले दुकानदार हालीत भाव सांगताना तेवढा चढवूनच सांगत. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. तिथं रुपये जास्त होते."

त्यानंतर त्या दर वर्षी डोळा दाखवायला जालन्याला जाऊ लागल्या. डॉक्टरनं बोलावलं नव्हतं. मुक्काम माझ्या माहेरी. मळ्याला पाणी द्यायला कोणीतरी लागे म्हणून मी मागे राहायची. माझ्या माहेरी माझ्यापेक्षा त्याच जास्त वेळा जाऊन आल्या. परत आल्या की मला माझ्या आईची खबर सांगत, आणि ती कधी कापून सांगत नसत.

आई आजारी पडल्याचा भावाचा निरोप आला तेव्हा माझे दिवस भरत आले होते. गाडीत बसणं शक्य नव्हतं. मी रडत बसले. सासूबाईंनी भाकरी बांधली आणि मालकांबरोबर निघून गेल्या. मालक परतले, त्या राहिल्या. आईचं सगळं आटोपल्यावरच आल्या. पाय धुतले, माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तिले तुह्यावर राग नव्हता," त्या म्हणाल्या. "तू येऊ शकत नाही हे मीच सांगतलं. शेवटपर्यंत शुद्धीत होती."

मी विचारलं, "काही म्हणाली का?"

"म्हणली, पोरगी झाली तर माह्यं नाव ठेवू नका. लय जुनं आहे."

मला मुलगीच झाली. बारशाच्या दिवशी सासूबाईंनी पाळण्यात वाकून तेच नाव ठेवलं. मला विचारलं नाही.