तार सुटलेले दाणे

फौजदारांनी पितळी वाटी माझ्या टेबलावर ठेवली आणि रुमाल नाकाला लावला.

"डॉक्टरसाहेब, हे बघा. बाईला काल सकाळी हे खायला घातलं. थोड्याच वेळात तोंडाला फेस येऊन गेली."

वाटीत उकडलेले पिवळट दाणे होते. फौजदारांनी पेन्सिलीच्या टोकानं एक उचलला, तर त्याच्याबरोबर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा वर आल्या. वास आंबूस, कोंदट, भिजून तशीच पडलेल्या घोंगडीसारखा.

"नासलंय हे कुणीही सांगेल," ते म्हणाले. "नवरा कबूल करतो की त्यानंच केलं आणि त्यानंच वाढलं. आणि पदार्थ कुठला म्हणतो, तर जपानी!"

शेवटचा शब्द त्यांनी आवाज उतरवून उच्चारला. १९४२चा उन्हाळा होता. जपान ब्रह्मदेशात शिरला होता. बॉम्बच्या भीतीनं मुंबईतली बिऱ्हाडं मुरबाड-शहापूरकडे नातेवाइकांच्या पडवीत येऊन पडली होती. अशा दिवसांत जपानी दाणे खाऊन बाई मेली म्हटल्यावर फौजदारांना खुनापेक्षाही मोठं काहीतरी दिसायला लागलं होतं.

"मला माहीत आहे हा पदार्थ," मी म्हणालो. "मी खाल्लाय."

फौजदारांचा रुमाल खाली आला.

मुरबाडच्या डिस्पेन्सरीत मी तेव्हा एकटाच डॉक्टर. ताप, खरूज, विंचू, बाळंतपण, आणि पोलिसांनी आणलेली पोस्टमॉर्टेम, सगळं माझ्याकडेच. मागच्या शेडमध्ये वैशाखरे गावाहून बैलगाडीतून आणलेली जी बाई झाकून ठेवली होती, ती माझी पेशंट होती. हौसा तिचं नाव. वय तिशीच्या आतलं.

तिचा नवरा गोविंद. वैशाखऱ्यात भाताची थोडी जमीन. लग्नानंतर वर्षभरातच तो मुंबईतल्या एका रेशमाच्या व्यापाऱ्याकडे स्वयंपाकी म्हणून लागला, आणि शेटजींनी त्याला बरोबर जपानला नेलं, योकोहामा बंदरात. तिथं त्यानं सात वर्षं काढली. लढाईची चिन्हं दिसू लागल्यावर शेटजींनी गाशा गुंडाळला तेव्हा गोविंदही परतला. घरी आला तर बायको विहिरीवरून हंडा आणताना तीनदा खाली बसत होती. सासू म्हणायची, कामाचा कंटाळा. गोविंदनं तिला गाडीत घातली आणि माझ्याकडे आणली.

स्टेथोस्कोप लावला आणि मला जे ऐकू यायला नको होतं ते ऐकू आलं. हृदयात डावीकडच्या दोन कप्प्यांच्या मध्ये एक झडप असते, दोन पाकळ्यांची. लहानपणी सांधे सुजवणारा एक ताप येतो. तो सांध्यांतून निघून जातो, पण जाताना ही झडप धरतो. पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात. रक्त पुढे जायला वाट उरत नाही, ते मागे फुप्फुसात तुंबतं. माणसाला धाप लागते, पाय सुजतात. त्या काळी त्यावर इलाज नव्हता. डिजिटॅलिसचे थेंब द्यायचे. एका फुलझाडाच्या पानांपासून काढलेलं औषध आहे ते, धावत सुटलेल्या हृदयाला दमानं चालायला लावतं. मीठ कमी करायचं, कष्ट बंद करायचे. आणि दिवस जातील तितके जाऊ द्यायचे.

हे सगळं मी गोविंदला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "डाक्टर, तिकडं एक खाना मिळतो. काळजाला लय चांगला. देऊ का हिला?"

योकोहामात तो ज्या घरात राहायचा तिथली मालकीण म्हातारी होती. ती रोज सकाळी भातावर नात्तो घेऊन खायची. सोयाबीनचे दाणे मऊ उकडायचे, भाताच्या पेंढ्यात गुंडाळायचे आणि उबेला ठेवायचे. दाण्यांना तार सुटली की झाला नात्तो. ती म्हणायची, यानं रक्त साफ वाहतं, काळीज म्हातारं होत नाही. घरामागची टेकडी ती रोज चढायची. गोविंदला सुरुवातीला ओकारी यायची, पुढं चटक लागली.

येताना त्यानं सोयाबीनचं बी पोटलीत बांधून आणलं होतं. ते पावसाळ्यात भाताच्या बांधावर तुरीसारखं लावलं. पीक बेताचंच आलं, पण आलं. पेंढ्याला आपल्याकडे काय तोटा! पहिले दोन घाणे खरोखरच सडले. तिसऱ्याला तार सुटली, तेव्हा तो ते पानात बांधून वैशाखऱ्याहून मला दाखवायला चालत आला.

मी वास घेतला. एक दाणा तोंडात टाकला. बुळबुळीत, किंचित कडसर, पण सडक्याची चव नाही. इडलीचं पीठही आंबवलेलंच असतं. दुसऱ्या दिवशी माझं पोट ठीक होतं.

"दे," मी सांगितलं. "पण वरून मीठ नाही. आणि थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. हे खाणं आहे, औषध नाही."

"थेंब चुकवनार नाय," तो म्हणाला. आणि त्यानं ते खरंच चुकवले नाहीत.

त्या थंडीत हौसाला बरं वाटलं. पायांची सूज उतरली. एकदा तपासायला आली तेव्हा गोविंद बाहेर बैलांना पाणी पाजत होता. मी विचारलं, "ते दाणे खातेस का?"

तिनं दाराकडे बघितलं आणि हसली. "खाते. नाकाला पदर लावते न् गिळते. काय तो वास, डाक्टर! मेलेला उंदीर बरा."

"मग कशाला खातेस?"

"सात वरसं ते तिकडं व्हते. काय केलं, कसं राहिले, त्यांना सांगता येत नाय. बोलनारा मानूस नाय ना तो. हे करतात तेवा मात्र बोलतात. म्हातारी अशी व्हती, टेकडी अशी व्हती, बर्फ पडायचा. मी आयकते न् गिळते."

उन्हाळा लागला आणि तिची धाप वाढली. मी थेंब वाढवले. गोविंदला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की, आता कधीही होऊ शकतं. फुप्फुसात पाणी भरेल, तोंडाला गुलाबी फेस येईल, श्वास कोंडेल. तेव्हा आडवी करू नकोस, पाठीला उशा लावून बसती ठेव. घाबरू नकोस, तू घाबरलास तर ती जास्त घाबरेल.

काल सकाळी तसंच झालं होतं. भात आणि नात्तो खाऊन ती उठली आणि खाली बसली. फेस आला. गोविंदनं आरडाओरडा केला नाही. तिच्या पाठीला वाकळा लावल्या, तिला धरून बसला, आणि ती तशीच बसल्या बसल्या गेली.

शेजाऱ्यांनी जे बघितलं ते पोलीस पाटलाला सांगितलं. पाटलाचा माणूस फौजदारांकडे धावला. तोच जबाब आता फौजदार मला वाचून दाखवत होते. बायकोच्या तोंडाला फेस आला तरी नवरा रडला नाही. वैद्याला बोलवा म्हणाला नाही. वाकळा रचत बसला. घरात भलत्या वासाचे दाणे सापडले.

"त्याला मीच सांगितलं होतं तसं करायला," मी म्हणालो.

"तुम्ही सांगितलंत हे ठीक आहे, पण त्याचं मन तुम्हाला कुठं दिसतं? तुम्ही पोस्टमॉर्टेम करा."

मी केलं. ओळखीच्या माणसाचं करू नये म्हणतात, पण मुरबाडात दुसरा डॉक्टर नव्हता. फुप्फुसं पाण्यानं जड झाली होती, दाबली की फेस यायचा. हृदयाची ती झडप शर्टाच्या काजाएवढी उरली होती. माझ्या करंगळीचं टोक आत जाईना. एवढ्याशा फटीतून तिनं इतकी वर्षं पाणी भरलं, भात लावला, दळण दळलं. जठरात दाणे होते, पण जठराचं अस्तर निरोगी. विषाची एकही खूण नव्हती.

"नैसर्गिक मृत्यू," मी फौजदारांना सांगितलं. "हृदयविकार. सोडा त्याला."

"व्हिसेरा मुंबईला जाऊ द्या. तिकडचा रिपोर्ट आला की सोडतो." व्हिसेरा म्हणजे जठर, यकृत वगैरेचे भाग. ते बाटलीत भरून विषाच्या तपासणीसाठी पाठवतात. "प्रकरणात जपान आहे, डॉक्टरसाहेब. उद्या वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"निदान तिच्या क्रियेला तरी जाऊ द्या."

फौजदार माणूस वाईट नव्हता. थोडा विचार करून म्हणाले, "दोन शिपाई देतो. कमरेला दोरी राहील. पण बाईच्या भावाची हरकत नसली पाहिजे. तक्रार त्याचीच आहे."

भाऊ बाहेर लिंबाखाली बसला होता. बुधाजी, खर्डी स्टेशनच्या रेल्वे गँगमध्ये रूळ दुरुस्तीला होता. निरोप मिळाल्यावर जो निघाला तो रात्री वैशाखऱ्यात आणि तिथून बैलगाडीमागोमाग पहाटे इथं पोचला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

"बुधाजी, हौसा लहान असताना तिचे गुडघे सुजले होते का?"

त्यानं माझ्याकडे चमकून बघितलं. "तुमाला कोनी सांगितलं?"

"कुणी नाही. तिच्या हृदयानं सांगितलं."

"सुजले व्हते. एक सुजायचा, मग दुसरा. चालता येत नवता तिला. मीच तिला पाठीवर घेऊन आंगनात आनायचो. रात रात वरडायची. मग बरी झाली. आय म्हनाली, सोयरिकीत हे बोलू नको, कोन करील पोर? आमी नाय बोललो."

मी त्याला झडपेचं समजावलं, जसं गोविंदला समजावलं होतं तसंच. तो ताप, तो आजार तिच्यासोबत माहेराहूनच आलेला होता. दाण्यांचा संबंध नाही. दाजीनं तिला मारलेलं नाही.

"बरं," तो म्हणाला.

"मग त्याला चितेला अग्नी देऊ दे."

त्यानं मान हलवली. "नाय. नाय देनार."

"अरे, आताच तुला सांगितलं ना?"

"तुमी सांगितलं, मला पटलं. पन मी साऱ्या गावापुढं बोललोय, दाजीनं मारली म्हनून. माज्या सोबत मानसं आलीत खर्डीहून. आता त्यांना काय सांगू, आमचंच पाप व्हतं?" त्यानं डोळे पुसले. "येऊ दे त्याला. लांब उभा राहू दे. लाकडाला हात लावायचा नाय."

संध्याकाळी नदीवर तिला नेलं. बुधाजीनं अग्नी दिला. गोविंद काठावरच्या खडकाशी उभा होता, दोन्ही बाजूंना शिपाई. कवटी फुटल्याचा आवाज आला तेव्हा तो एकदम पुढे झाला, आणि शिपायानं दोरी ओढली. फार जोरात नाही ओढली. पण गोविंद लगेच थांबला, आणि पुन्हा पाऊल टाकलं नाही. तो तेव्हाही रडला नाही. खर्डीहून आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "बघा, डोला तरी वला झाला का त्याचा?"

दुसऱ्या दिवशी गाडी पकडण्याआधी बुधाजी फौजदारांच्या कचेरीत गेला आणि गुडघ्यांचं सगळं सांगून आला. कोठडीकडे त्यानं बघितलं नाही. पण एवढं त्यानं केलं, हेही सांगायला हवं.

मुंबईचा रिपोर्ट पावसाळ्याच्या तोंडाशी आला. विष नाही. फौजदारांनी गोविंदला सोडलं. बाराव्या-तेराव्याचे दिवस तोपर्यंत मागे पडले होते. सुटून तो घरी न जाता डिस्पेन्सरीत आला आणि पेशंटच्या बाकावर शेवटी बसून राहिला. सगळे गेल्यावर मी त्याला आत बोलावलं.

"डाक्टर, खरं सांगा. दान्यांनी नाय ना मेली ती?"

"नाही."

"मंग उपेग तरी झाला का? थंडीत बरी व्हती ती."

काय सांगायचं? थंडीत बरं वाटलं ते थेंबांनी, विश्रांतीनं. नात्तोनं चिकटलेली झडप सुटत नाही. म्हातारीचं हृदय मुळात चांगलं होतं, म्हणून ती टेकडी चढत होती. पण डाळीसारखं पौष्टिक खाणं होतं ते, अंगाला लागलंही असेल.

"थोडा उपयोग झाला असेल," मी म्हणालो.

"असेल म्हनू नका," तो म्हणाला. "असेल, असेल करतच मी तिला तो वास सोसायला लावला. मला समजत व्हतं का नाय? पदर लावायची ती नाकाला. इचारलं तर म्हनायची, आवडतंय."

तेव्हा मी त्याला हौसा जे बोलली होती ते सांगितलं. तो करतो तेव्हा बोलतो, म्हणून ती ऐकते आणि गिळते, हे. पेशंटचं बोलणं बाहेर सांगू नये असा आमचा धंद्याचा नियम. मेलेल्या पेशंटला तो लागू आहे की नाही याचा मी तेव्हा विचार केला नाही.

गोविंदनं ऐकलं. मग तोंडावर दोन्ही पंजे घेतले आणि मोठ्यानं, गुरासारखा हंबरून रडला. बाहेरून कंपाउंडर धावत आला, त्याला मी हातानं परत पाठवलं.

पुढं गोविंद गावात राहिला नाही. गावानं त्याला काही केलं नाही, पण त्याच्या हातचं पाणी कुणी पिईना. जमीन चुलतभावाला कसायला देऊन तो कल्याणला एका खानावळीत आचारी म्हणून लागला. मी एकदा तिथं जेवलो. भाजी-भाकरी उत्तम होती. आम्ही पावसापाण्याचं बोललो.

त्यानंतर मी एक पद्धत पाडून घेतली. असाध्य आजाराच्या पेशंटबद्दल बोलायचं तर घरातल्या एका माणसाला कोपऱ्यात घेऊन बोलायचं नाही. सासू, दीर, शेजारीण, माहेरचं कुणी आलं असेल तर ते, सगळ्यांना समोर बसवायचं आणि शेवट कसा येईल ते सरळ सांगायचं. फेस येईल, ते विष नव्हे. उशा लावायला मी सांगितलंय. लोकांना ते ऐकायला आवडत नाही. एका सासूनं मला अभद्र बोलणारा म्हणून घराबाहेर काढलं होतं.

या पद्धतीनं एकही पेशंट वाचला नाही. पण पुढच्या सगळ्या नोकरीत माझ्या कुठल्या पेशंटच्या नवऱ्याला चितेपासून लांब उभं राहावं लागलं नाही.