मावशीची बाटली

आमची थोरली जाऊ बोलायला लागली की समोरच्यानं खुर्ची शोधावी आणि ती गप्प झाली की दार शोधावं, असं आमचे हे म्हणतात. वहिनीबद्दल असं बोलायची हिंमत त्यांना तिच्यामागेच होते. शिंप्यांच्या शर्टांची काज-बटणं करून तिनं दोन लेकींची लग्नं केली. काज करणाऱ्या बाईची नजर वाईट असते. चांगल्या शर्टातही तिला आधी सुटलेला टाकाच दिसतो. माणसांच्या बाबतीतही तिचं तेच. मी या घरात आले त्या दिवशी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ब्लाऊजचं दुसरं बटण ढिलं आहे, काढून ठेव, लावून देते." हाच आमचा परिचय. तेव्हापासून मी तिला ताई म्हणते.

तिचा नवरा, म्हणजे आमचे दादा, छापखान्यात मशीनमन. आमचे हेही तिथंच, शेजारच्या मशीनवर. दादांनीच त्यांना चिकटवलं होतं. मशीनखाना तळघरात. कागदाला ओल लागली की तो फुगतो आणि रंग हलतात, म्हणून खिडक्या कायमच्या बंद. कागदाची एवढी काळजी, माणसाची किती ते विचारू नका. रंग बदलायचा झाला की रोलरवरची जुनी शाई पुसायची. त्यासाठी एक पातळ, गोडसर वासाचं पाणी पिंपातून यायचं. त्याला तिथं सगळे मावशी म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण का ठेवलं ते दादा हसत सांगायचे. रोलर असो, हात असोत, शर्टावरचा डाग असो, कितीही घाण केली तरी ती न रागावता पुसते. माय मरो, मावशी जगो. दुपारपर्यंत कुणाचं डोकं जड झालं, कुणाचा तोल गेला, तर बाकीचे म्हणायचे, "मावशीनं मिठी मारली वाटतं." आणि त्याला जिन्यावर बसवून पुन्हा कामाला लागायचे.

घरीही ती यायची. दादांनी सरबताच्या जुन्या बाटलीत थोडी आणून ठेवली होती. मोरीत, साबणाच्या पुड्यामागे. कुठं बाहेर जायचं असलं की दादा चिंधीवर तिचे दोन थेंब घ्यायचे आणि एकेक बोट पुसायचे. नखांच्या कडेची काळी रेघ निघेपर्यंत थांबायचे नाहीत. लेकीच्या सासरी बोलणी करायला गेले तेव्हा मास्तरसारखे हात घेऊन गेले होते.

मग ते पिवळे पडले. आधी डोळे, मग अंग. खाज इतकी की पाठ रक्ताळायची. तपासण्या झाल्या आणि यकृताकडच्या नळीत कॅन्सर निघाला. मोठ्या दवाखान्यातल्या पहिल्या डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, "किती वर्षं पिता?" दादांनी आयुष्यात सोडावॉटरची बाटलीसुद्धा कधी उघडली नव्हती. आजाराचं ताईला कळलं होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी का, हे कळत नव्हतं. पुढं पाहुणेसुद्धा भेटायला यायचे आणि जाताना मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, "घ्यायचे का हो थोडी?"

तिथून ताई शोधाला लागली. मशीनखान्यात पूर्वी असलेल्या माणसांच्या घरी ती जायची आणि मला बरोबर न्यायची. हातात शिंप्याच्या शर्टांची पिशवी, म्हणजे कुणी विचारलं तर कामाला आलो म्हणायला बरं. त्यातल्या लांबू मशीनमनला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्या बायकोनं आम्हाला चहा दिला आणि म्हणाली, "यांचे डोळे हळदीसारखे झाले होते." कागद कापणाऱ्या कटिंगवाल्या काकांच्या मुलीनं सांगितलं की बाबा नखांनी भिंत खाजवायचे. तिनं आम्हाला भिंत दाखवली. तिसऱ्या घरी तो माणूस अजून जिवंत होता, पण आम्ही दाराशी उभ्या असताना तो उजेडात आला, तसाच पिवळा, आणि ताईनं माझा दंड इतका दाबला की दोन दिवस निळा होता. सगळ्यांना डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला होता. सगळ्यांच्या बायकांनी तो गिळला होता. आपलाच नवरा चोरून घेत असेल, असं त्यातल्या एकीला तर खरंच वाटत होतं.

छापखान्याच्या मॅनेजरनं ताकास तूर लागू दिली नाही. "पिंपं बाहेरून यायची, आता तो माल बंद केला, दुसरा येतो," एवढंच. आधीच्या पिंपात काय होतं, ते त्यालाही माहीत नाही म्हणे. पिंपं भंगारात गेली.

दादांवर आता एक तरणी डॉक्टरीण उपचार करत होती. ती बरी होती, खुर्ची द्यायची. ताईनं तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला पटतंय. कामामुळं झालं असं मी लिहूनही देईन. पण कशामुळं लिहू? मावशीमुळं?"

"मग काय करू ते सांगा."

"त्या पाण्यातलं थोडं कुठं मिळालं तर तपासून घेता येईल. नाव कळलं तर बोलता येईल. कारखान्यांच्या तपासनिसांनाही मशीनखाना बंद करायला भाग पाडता येईल."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मोरीतली बाटली आम्हा दोघींना एकदमच आठवली. आणि मला दुसरंही आठवलं. आमचे हे त्या क्षणी त्याच तळघरात उभे होते.

बाटलीत तळाशी बोटभर मावशी शिल्लक होती. ताईनं ती उजेडाकडे धरून पाहिली, झाकण घट्ट केलं, फडक्यात गुंडाळली. ताईनं अर्ज दिला तशी तपासनीस साहेबांनी दादांना जबाबाला बोलावलं होतं आणि नमुना सोबत आणा म्हणून सांगितलं होतं. त्या आठवड्यात ताई पहिल्यांदा पोटभर जेवली. "नाव तर कळू दे त्या सटवीचं," म्हणाली.

दादांना मात्र हे सगळं आवडत नव्हतं. "कशाला हात दाखवून अवलक्षण? धाकट्याची नोकरी जाईल," असं ते पडल्या पडल्या म्हणायचे. आमचे हे म्हणायचे, "माझी काळजी करू नको, दादा." म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघायचे. दुसरं येतं काय त्यांना?

जाण्याच्या दिवशी सकाळी घरात नुसती धांदल. दादांना कपडे घालायचे म्हणजे अर्धं काम. शर्ट इतका मोठा झाला होता की ताईनं कॉलरचं बटण आत सरकवून लावलं होतं. ती केस विंचरायला आत गेली, मी रिक्षा बघायला बाहेर. परत आले तर दादा खाटेवर तयार होऊन बसले होते, बाटलीची पिशवी मांडीवर. कितीतरी दिवसांनी चेहरा जरा प्रसन्न.

रिक्षात मला तो गोड वास आला. मला वाटलं, झाकण गळतंय. मी ताईला म्हटलं. ती म्हणाली, "घट्ट लावलंय मी. तो वास नाकात बसलाय आपल्या."

साहेब फार मोठे नव्हते वयानं. टेबलावर काच, काचेखाली लेकराचा फोटो. दादांना त्यांनी काम विचारलं, किती वर्षं ते विचारलं, मग म्हणाले, "हे पाणी तुम्ही म्हणता तसलं घातक असेल, तर बघता येईल."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, साहेब," ताई म्हणाली. "असेल-नसेल कशाला? घेऊन आलेय." आणि तिनं फडकं सोडून बाटली काचेवर ठेवली.

साहेबांनी बाटली उचलली. हलवली. झाकण काढलं आणि तिरपी केली. काहीच आलं नाही.

ताईनं बाटली त्यांच्या हातातून घेतली, उलटी केली, तळहातावर आपटली. मग तिनं दादांकडे पाहिलं. मीही पाहिलं. दादांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, पिवळे, नुसती हाडं राहिलेले, आणि स्वच्छ. नखांच्या कडेला एक काळी रेघ नव्हती.

"अहो," ताई म्हणाली.

"साहेबांसमोर काळ्या हातांनी कसं यायचं?" दादा म्हणाले. "थोडीच तर होती. मला वाटलं, बाटलीला वास आहे, तेवढा पुरेल त्यांना."

मला त्या माणसाचा राग आला. मरायला टेकलेल्या माणसाचा राग आला, आणि लगेच रडू आलं. महिनोन्महिने मशीनला हात लावला नव्हता त्यांनी. जी काय काळी रेघ उरली होती ती जुनी, मुरलेली. ती कुणाला दिसली असती? दिसली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? उलट तीच दाखवायची होती.

ताईची जीभ सुटेल म्हणून मी डोळे मिटले. तिनं "चिंधी कुठं टाकलीत?" एवढंच विचारलं.

"चुलीपाशी होती ती. कचऱ्यात टाकली."

कचऱ्याची गाडी तर आम्ही निघतानाच येऊन गेली होती. ताई उठली. तिनं दादांचा उजवा हात मनगटाशी धरला आणि टेबलावरून साहेबांच्या तोंडापुढं नेला. "वास घ्या," ती म्हणाली. "हाच नमुना. घ्या वास."

साहेब मागं सरकले. दादा अवघडून हसले, माफी मागितल्यासारखे. पण ताई हात सोडेना, आणि तो माणूस वाईट नव्हता. त्यानं वाकून वास घेतला.

"गोडसर आहे," तो हळूच म्हणाला.

"मग लिहा."

"वासाची नोंद होत नाही, बाई. बाटलीत थेंबभर जरी असतं..." पुढचं त्यानं सोडून दिलं. जबाबाखाली सही करायला दादांपुढं पेन ठेवलं. दादांनी सही केली आणि पेन जिथलं तिथं ठेवलं, कुठंही बोट न उमटवता.

परत येताना दादा रिक्षात झोपले. ताई त्यांचा हात आपल्या नाकाशी धरून बसली होती. घर येईपर्यंत वास उडून गेला.

त्यानंतर ते फार टिकले नाहीत. डॉक्टरणीनं आजाराचं नाव लिहिलं, कारण लिहिता आलं नाही. पाहुणे पुन्हा आले आणि पुन्हा मला कोपऱ्यात घेऊन तेच विचारून गेले. या वेळी मी एकाला दार दाखवलं. सासरकडचाच होता, ताईला बरं वाटलं.

आमचे हे अजून तळघरात जातात. आता दोन्ही घरं त्यांच्यावर आहेत. मी भांडले, जेवण सोडलं, माहेरी जाते म्हणाले. ते म्हणतात, नवा माल चांगला आहे, डोकं एवढं जड होत नाही. त्या नव्या पाण्याला मशीनखान्यात काकू म्हणतात. तेवढी विनोदबुद्धी शिल्लक आहे सगळ्यांची.

परवा ताईनं त्यांना थांबवलं. "भावजी, त्या तुमच्या काकूची एक बाटली भरून आणा मला."

"डाग काढायचेत का, वहिनी?"

"हो."

त्यांनी आणली. ताईनं झाकणाभोवती मेणबत्तीचं मेण ओतलं, वर दोऱ्याचे वेढे दिले, काजाला देते तसे, एकमेकांना चिकटून, आणि बाटली तिच्या कपाटात कपड्यांखाली ठेवून कुलूप लावलं. मी दारात उभी होते. कुणासाठी ठेवते आहेस, असं मी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती आणि तिला सांगायची.

आमचे हे चपला घालत होते. ताईनं आतूनच आवाज दिला, "भावजी, कुठं जायचं असलं तर काळे हात घेऊन जात जा."

ते हसले. आम्ही दोघी हसलो नाही.